गाडीत कुनी गेलं का?

बाया हो, आदीच सांगून ठिवते. ह्या गोष्टीतला शबुद न् शबुद खरा हाय. वीरभद्राची आन, माझ्या ह्या दोनी डोळ्याची आन. ज्याला पटत न्हाई त्यानं उठून आपल्या घरला जावं, तेवढीच बसायला जागा हुईल. मागल्या खेपी इहिरीतल्या सुसरीची गोष्ट सांगितली तवा तुमी हसलाव. ती सुसर मी जरा लांबवली होती, कबूल हाय. पन ही गाडीची गोष्ट मापात हाय. हिच्यात मी बोटभरबी वाढवलं न्हाई.

आपल्या गल्लीच्या तोंडाला राहतो त्यो उद्धवराव. हुमनाबादच्या बसस्टँडावं जलमभर कंट्रोलर होता. जाळीच्या खिडकीमागं बसायचं, शिट्टी फुकायची, 'कलबुर्गी लागलीय, चला' म्हनून वरडायचं, हेच काम. निम्म्या मुलखाला त्यानं गाडीत बसवलं आन् सोता रिटायर हुईस्तोवर सायकलीवं. दोन गोष्टीचा त्याला लई राग. एक म्हंजी टाइम चुकवनारा, आन् दुसरा म्हंजी खिडकीतनं रुमाल टाकून शीट धरनारा. असला रुमाल दिसला की ह्यो बसमधी चढायचा आन् रुमाल भाईर फेकून द्यायचा. 'शीट बसनाऱ्याची हाय, रुमालाची न्हाई!' शिट्टी तर अजून खिशात ठिवतो. बायको भाजीवालीपशी रेंगाळली की दारातनं फुकतो. चंद्रभागाबाई म्हन्ती, माझं लगीन मानसासंगं न्हाई, डेपोसंगं झालंय.

त्यास्नी एकच लेक, मंजुश्री. दिली अफजलपूरकडं, भीमेच्या काठाला, ऊसवाल्या घरात. जावई शिवराज गरीब, बापाच्या म्होरं तोंड उघडत न्हाई. बाप म्हंजी वीरण्णा. आता वीरण्णा वाईट मानूस हाय असं मी म्हन्नार न्हाई. वाईट मानूस परवडतो, त्याला शिव्या तरी देता येत्यात. ह्यो गोड बोलायचा.

मंजुश्रीला सातवा लागला. आपल्याकडं सातव्यात कुबुस करत्यात, तुमाला काय सांगायचं. माहेरच्यानं हिरवी चोळी घेऊन जायचं, लेकीची वटी भरायची आन् बाळंतपनाला तिला घरला आनायचं. चंद्रभागाबाईनं बाजेला नवी दोरी आवळून घेतली होती, जुन्या लुगड्याची दुपटी शिवली होती, खोलीला चुना मारला होता. आन् वीरण्णाचा फोन आला.

"व्याही, कुबुसाला या, लेकीला घेऊन जावा. आमी कुठं न्हाई म्हन्ताव? फकस्त बस नको. आन् पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी तर दारात अजिबात नको. थोरल्या सुनंला न्यायला तिचा बाप सोताच्या गाडीत आलता. लोक बघत्यात ओ."

"आमच्याकडं गाडी कुठली, अण्णा?" उद्धवराव म्हनला.

"मग ऱ्हाऊ द्या की. बाळंतपन आमीच करताव. पोरगी काय आमाला जड झालीय?"

बघा, शिवी न्हाई, आवाज चढवला न्हाई. पन पैल्या बाळंतपनाला लेक सासरीच ऱ्हायली तर आईबाप असून काय, नसून काय? चंद्रभागाबाई त्या रंगवलेल्या खोलीत जाऊन बसली ती जेवायलाबी भाईर आली न्हाई.

म्हनून गाडी बघायचं ठरलं.

हायवेला ढाब्याच्या माघं गुरुलिंगचं गॅरेज हाय. तिथं एक पांढरी गाडी उभी होती, नवरीवानी. किंमत ऐकून उद्धवरावला वाटलं, चुकून स्कूटरची सांगितली.

"अण्णा, मी देवाला भिनारा मानूस," गुरुलिंग म्हनला. "लपवून इकत न्हाई. ही टोटल लॉस गाडी हाय."

"म्हंजी?"

"म्हंजी इन्शुरन्सवाले आले, बघितले, म्हनले दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवं जायलाय. मालकाला भरपाई दिली आन् गाडी मोडीत काढली. मी सांगाडा घेतला, त्याच्यात जीव वतला. आता बगा, काय कमी हाय का?"

आत वासाच्या पाच-सा डब्या टांगलेल्या, नुसतं अत्तराचं दुकान. तरी चंद्रभागाबाईनं नाक वडलं. "कसला ओ वास यायलाय? ओल्या मातीवानी?"

"अक्का, शीटा नव्या हायत."

आता नव्या शीटाला ओल्या मातीचा वास कामून येतो, हे इचारायला पायजे होतं का न्हाई? पन तिच्या मनात दुसराच सवाल. तिनं आवाज बारीक केला. "खरं सांगा, गाडीत कुनी गेलं का?"

गुरुलिंगनं दोनी कान धरले. "लेकराची आन, अक्का. कुनाला खरचटलंबी न्हाई."

खरं बोलला बगा. गुरुलिंग ह्या सगळ्या गोष्टीत एकदाबी खोटं बोलला न्हाई. तेच तर दुक्क हाय.

उद्धवरावनं घरला येऊन गल्लीला इचारलं, घेऊ का नको. गल्लीला इचारू नये. एकीच्या मावसभावानं अशीच मोडीतली गाडी घेतली होती, त्याला दर अमुशाला आरशात माघल्या शीटावं बाई दिसायची. दुसरी म्हनली, दिसली तर दिसली, पन ती 'जरा सावकाश चालवा' म्हनायची का न्हाई ते सांग. तिसरीनं तर गाडी न बघताच त्यात तिघं गेल्याचं ठरवून टाकलं, त्यातला एक बिनलग्नाचा. सगळ्या गल्लीचा सवाल एकच, गाडीत कुनी गेलं का? इंजिनाचं नाव एकानंबी काढलं न्हाई.

मग भीमराज सर आले. हायस्कूलला सायन्स शिकवून रिटायर झालेले, उद्धवरावचे शेजारी. सर म्हंजी गल्लीतला एकला शहाना मानूस.

"उद्धवराव, भूत नसतं."

"मी कुठं म्हनलो, भूत असतं म्हनून?"

"तुमच्या मनात आहे. ते आधी काढा."

आन् सर भूत काढायला बसले ते चार येळा च्या झाला तरी उठंनात. मेल्यावं शरीराचं काय हुतं, हाडातला फॉस्फरस कसा चमकतो, मसनवट्यात लोकास्नी दिवे कामून दिसत्यात, सगळं सांगितलं. भूत असं मारलं, असं मारलं, की पुन्ना उठायची टाप न्हाई. फकस्त 'गाडीचं झाकन उघडून एकदा मेकॅनिकला दावा' हे एवढं म्हनायचं तेवढं सर इसरून गेले.

मधी उद्धवराव गाडी नावावं हुती का इचारायला गुरुलिंगसंगं तीच गाडी घेऊन आर्टीओच्या हापिसात जाऊन आला. तिथला क्लार्क म्हनला, "ही गाडी आमच्या कागदात मेलीय. मेलेली गाडी तुमच्या नावावं कशी करू? आदी ती जित्ती हाय म्हनून दाखला आना."

"दाखला कोन देतो?"

"ज्यानं मेली म्हनून लिवलं त्यानंच द्यायला पायजे."

"सायेब, ती भाईर उभी हाय. हॉर्न वाजवून दावू का?"

"हॉर्न वाजला म्हंजी जित्ती, असं कुठं लिवलंय?"

उद्धवरावला राग आला न्हाई. त्योबी दर सालाला पेन्शनसाठी सोता जित्ता हाय म्हनून दाखवायला जातो, तिथंबी त्याच्या तोंडावं कुनी इस्वास ठिवत न्हाई. त्याला त्या गाडीची जरा मायाच वाटली. निघता निघता क्लार्कनं हळूच इचारलं, "गाडीत कुनी गेलं का ओ?"

शेवटी चंद्रभागाबाईनं फर्मान काढलं. पैला मालक सोताच्या डोळ्यानं जित्ता बघितल्याबिगर गाडी घ्यायची न्हाई. गुरुलिंगनं पत्ता दिला. खजुरीचा महेशकुमार, तुरीचा व्यापारी. दोगं बसनं खजुरीला गेले. महेशकुमार जित्ता होता. नुसता जित्ता न्हाई, दोन मानसाएवढा जित्ता होता. त्यानं चुरमुऱ्याचा सुशीला खाऊ घातला, वरनं भजी, वरनं च्या. चंद्रभागाबाईनं त्याला कडंकडंनं बघून घेतलं, सावली पडायलीय का तेबी बघितलं.

"गाडीत कुनी नव्हतंच ओ अक्का," महेशकुमार म्हनला. "मीबी नव्हतो. सोयरीक बघायला गेलतो, गाडी लावली आन् पावन्याकडं जेवायला गेलो. हात धुवून माघारी येतो तर—" हितं गडी गहिवरला.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या," उद्धवराव म्हनला. "झालेलं कशाला उकरायचं?"

"न्हाई, ऐका तर. त्या टायमाला भीमेच्या—"

उद्धवरावनं घड्याळ बघितलं. आळंदची बस यायचा टाइम झालता. "मालक, आमाला सगळं कळलं. मानूस वाचला, बास. बस सुटंल आमची." आन् बायकोला घेऊन उठला. जलमभर बसच्या टायमापायी ह्या मानसानं कुनाला वाक्य पुरं करू दिलं न्हाई, तिथंबी दिलं न्हाई. बस मातर अर्दा तास लेट आली. तवर दोगं फाट्यावं उनात उभे होते, लई खुशीत.

तरी उद्धवराव घेतो म्हनला न्हाई. रिटायर झाल्यावं मिळालेल्यातलं उरलंसुरलं सगळं त्याच्यात जानार होतं, त्यो कचरायलता. मग गुरुलिंगच म्हनला, "अण्णा, कुबुसाला घेऊन जावा, चालवून बघा. पसंत पडली तर घ्या, न्हाई तर माघारी आनून लावा." उद्धवराव खूश. ठरवायचं फुडं गेलं की आपल्या सगळ्यास्नीच बरं वाटतं.

कुबुसाच्या सकाळी गुरुलिंग गाडी दारात घेऊन आला. चंद्रभागाबाई झाडून घ्यायली तर शीटाखाली एक शिंपली घावली. भीमेच्या वाळूत असती तसली. कुनालाबी वाटलं असतं, गाडीत शिंपली कुठनं आली? तिला वाटलं, लक्षुमी आली. तिनं ती नेऊन देव्हाऱ्यात ठिवली, हळदी-कुक्कू वाहिलं. आन् तसंच ताट घेऊन भाईर आली. आता नव्या गाडीत बसायचं, तेबी सातव्याच्या लेकीला आनायला, तर पूजा नको का? बॉनेटवं कुक्कवाचं स्वस्तिक काढलं, चारी चाकाखाली लिंबू ठिवलं, नारळ ववाळला आन् फोडला. उद्धवरावनं गाडी वाईच फुडं घेतली, लिंबं फुटली.

गुरुलिंग तवर गप उभा होता. लिंबं फुटल्यावं त्यानं हात जोडले. "अभिनंदन अण्णा. गाडी तुमची झाली."

"कामून? बघून ठरवायचं होतं की!"

"अक्कानं तुमच्या दारात तुमच्या नावानं नारळ फोडला. पूजा झालेली गाडी मी माघारी नेली तर माझ्या गॅरेजाचं काय हुईल? देव बघायलाय, अण्णा. आमच्या धंद्यात नारळ फुटला की बोलनं संपतं."

उद्धवरावनं बायकोकडं बघितलं. बायकोनं नारळाकडं बघितलं. गल्लीतल्या समद्या बाया दारात उभ्या होत्या. पूजा झालेली गाडी दारातनं परत धाडायची म्हंजी चांगल्या कामाला निघताना अवलक्षन, तेबी लेकीच्या कुबुसाला. कुनीच 'परत द्या' म्हनलं न्हाई. मीबी न्हाई. गुरुलिंगनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आन् चालत गेला.

गाडीत तिघं. उद्धवराव चालवायला, डेपोतल्या ड्रायव्हरकडनं मैदानात शिकलेला. माघं चंद्रभागाबाई वटीच्या टोपल्याजवळ. आन् मोटं मानूस पायजे म्हनून फुडं भीमराज सर. कलबुर्गी वलांडूस्तोवर गाडी गुनानं चालली. मग उद्धवरावच्या बाजूची काच आपसूक खाली गेली. वर आली. पुन्ना खाली गेली.

"अगं बाई, हाय!" चंद्रभागाबाईनं टोपलं आवळलं. "कुनीतरी हाय!"

"सेन्सर आहे," सर म्हनले. "नव्या गाड्या हुशार असतात."

मग चैताच्या कडक उनात काच पुसायच्या दांड्या हालायला लागल्या, खर्र खर्र, कोरड्या काचंवं.

"पाऊस येणार असेल," सर म्हनले. "गाडीला आधी कळतं."

मग हॉर्न वाजला, आन् थांबलाच न्हाई. सरास्नी हॉर्नाचं सायन्स काई सुचलं न्हाई. अफजलपूर आलं, गेलं, वीरण्णाचं गाव आलं, हॉर्न चालूच. गावाला वाटलं वरात आली. पोरं पळायली, बाया वसरीवं आल्या, वीरण्णा सोता हात जोडून दारात आला. तसंच गाडीनं एक उचकी दिली आन् दारात गप झाली. उद्धवराव उतरला. त्यानं गाडीचं दार हळूच लावलं, सदरा वडून सारका केला. दारात मंजुश्री उभी होती, हिरव्या बांगड्या, तिची पिशवी पायाशी भरून ठिवलेली. बापाला बघून हासली. तेवढा येळ, बाया हो, उद्धवराव ह्या जगातल्या कुठल्याबी बापापरीस कमी नव्हता.

वीरण्णानं गाडीला एक चक्कर मारली. नंबर वाचला. माघल्या बाजूला वाकून बघितलं. आन् गोड आवाजात बोलला, "व्याही, ही तर आमच्या पुलाखालची गाडी."

"कुठल्या पुलाखालची?"

"मागल्या पुरात भीमेत बुडाली होती की. कुनी पावना सोयरिकीला आलता, काठाला लावून जेवायला गेला, पानी चढलं. उतरूस्तोवर आतच होती. आमीच ट्रॅक्टर लावून वर काढलाव. फोटो हाय, दावू का?" आन् दावला. गाडीच्या टपावं वीरण्णा उभा, कमरंवं हात, भवती चिखुल.

गर्दीतनं कुनीतरी वरडलं, "अय्यो, बुडकी गाडी! बुडकी गाडी परत आली!" आन् सगळं गाव जुनी वळख निघाल्यावानी गाडीला हात लावून बघाय लागलं.

भीमराज सर हळूच म्हनले, "म्हणजे भूत नव्हतं. मी सांगितलं होतं." चंद्रभागाबाईनं त्यांच्याकडं जे बघितलं, त्यानं खरं भूतबी पळून गेलं असतं.

तवर वीरण्णाच्या घरच्या बाया माघली डिकी उघडून फळाच्या पाट्या काढायल्या होत्या. खालचं कापड सरकलं. स्टेपनीच्या खड्ड्यात मासा होता. वाळून खडंग झालेला, शेपटीसगट, डोळा उघडा. आन् वीरण्णाच्या घरात अंडंबी चालत न्हाई. एक किचाळली, दुसरीनं पाटी टाकली, केळी धुळीत. विहीनबाईनं हिरव्या चोळीचं ताट वसरीवं घेतलंच न्हाई, अंगनातच ठिवायला सांगितलं. कुबुस झालं, पन कसं? त्यांच्या घरच्या चोळीनं. चंद्रभागाबाई कडंला उभी, हातात सुपारी.

गाडी तर चालू हुईनाच. जेवनं झाल्यावं वीरण्णा उद्धवरावच्या शेजारी येऊन बसला. "व्याही, मनाला लावून घेऊ नका. गाडी ऱ्हाऊ द्या हितंच. पोरगीबी ऱ्हाऊ द्या. दोगींचं आमी बघताव."

उद्धवराव खाली मान घालून बसला. शिवराज आभाळाकडं बघायलता. आन् तेवढ्यात मंजुश्रीनं पिशवी उचलली. हिरव्या बांगड्या वाजवत सगळ्यांच्या मधनं आली आन् म्हनली, "अप्पा, कलबुर्गीची बस कितीला हाय?"

उद्धवरावनं घड्याळ बघितलं न्हाई. त्याला पाठ होतं. त्यो उठला, खिशातली शिट्टी काढली आन् वीरण्णाच्या अंगनात अशी फुकली की चिमन्या उडाल्या. "कलबुर्गी लागलीय! चला!" वीरण्णाच्या तोंडातनं एकबी गोड शबुद निघाला न्हाई. फाट्यावं बस आली, गर्दी लई. उद्धवरावनं जलमात पैल्यांदा खांद्यावंचा रुमाल काढला आन् खिडकीतनं आत टाकला. खिडकीची शीट धरली. मंजुश्री त्या शीटावं बसली, वारं खात, आईच्या हातचा लाडू खात, कलबुर्गीपस्तोवर हसत गेली.

झाली गोष्ट. उठा आता.

काय बघायलाव? मासा? मासा खरा हाय, चंद्रभागाबाईला इचारा. हॉर्न खरा, शिंपलीबी खरी, अजून त्यांच्या देव्हाऱ्यात हाय, काढायचा धीर हुईना कुनाला.

आता आन घेतलीया म्हनून सांगते. एक शेवटचं तेवढं माझं हाय. मंजुश्री म्होरं आलीच न्हाई. पिशवी तिच्या सासूनं कवाच आत नेऊन ठिवली होती. पोरगी दारात उभी होती, बांगड्या वाजू नये म्हनून हात हातात धरून. मी पैल्यांदा ही गोष्ट हितं सांगितली तवा उद्धवराव त्या खांबाला टेकून ऐकायलता. ह्या जागी आल्यावं त्यानं खिशात हात घालून शिट्टी धरली, आन् माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, पोरीनं पिशवी उचलली म्हनून. तवापसून तसंच सांगते. आता तर त्योबी तसंच सांगतो. नातीचं तोंड त्यांनी फोनवंच बघितलं.

रुमाल मातर खरा हाय. माघारी येताना त्यानं सवय नसताना खिडकीत रुमाल टाकला, लेकीची शीट धरली, आन् मग तिकिटं तीनच काढायची हायत हे त्याच्या ध्येनात आलं. बस खचाखच भरली होती. बाया लेकरं घेऊन उभ्या होत्या, शिव्या द्यायल्या. त्यानं कलबुर्गीपस्तोवर त्या रुमालावं कुनाला बसू दिलं न्हाई.